डोळे शिवलेला पोपट

लाइट अकराशिवाय येत नाही, तोवर बसा. अनुप, तो मोबाइल आधी खिशात घाल. त्याच्या उजेडाने तुला समोरचं दिसत नाही आणि मागचं तर अजिबातच नाही. पाणी द्यायला आला आहात, मोटार सुरू होईपर्यंत काम काही नाही, म्हणून सांगतो. ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली त्याने माझ्या ओट्यावर बसून मला सांगितली, आणि शेवटचा भाग तर मी स्वतः उभा राहून पाहिला. चांदूर बाजारच्या रस्त्याला लागून ती उजाड पेरूची बाग आहे ना, माझ्या शेताच्या बांधाला, धुऱ्याला धुरा लागून, तिच्या मालकाची गोष्ट. गजेंद्रची.

सुरुवात अगदी साधी होती. बायकोला माहेरी पोचवायचं होतं. दोन हजार चोवीसची दिवाळी, आरतीला सातवा सरत आलेला, पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरचं, आणि माहेर पातूरला. भाऊबीज साधून गजेंद्रने तिला एसटीत बसवलं, अमरावती, अकोला करत पातूरला नेऊन सोडलं, सासूच्या हातचं जेवला आणि परत निघाला. सगळ्या रस्त्याने आरतीचं एकच पालुपद चाललं होतं, सरपंचाला जपा.

सरपंच म्हणजे आपल्या गावचा नव्हे. तिचा पोपट. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी वादळात आंब्याची फांदी मोडली आणि ढोलीतून हे पिल्लू खाली पडलं. अंगावर पीस नाही, नुसतं डोकं आणि पोट. आरतीने हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, बोटावर घेऊन घेऊन त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर तो अंगणात मान ताठ करून असा फिरायचा आणि आल्यागेल्याकडे असा बघायचा, की जणू सगळे त्याच्याकडे दाखला मागायला आले आहेत. म्हणून सरपंच. पोपट पाळायला बंदी आहे हे मलाही ठाऊक आहे, पण तिने त्याला कधी कोंडलं नाही, पंखही कापले नाहीत. ओसरीतल्या कपडे वाळवायच्या दोरीवर राहायचा. जायला सगळं आभाळ मोकळं होतं, तोच जात नव्हता.

पोपटाची जात तुम्ही पेरूवर बघता, एक खातो नि दहा पाडतो, म्हणून शिव्या देता. जवळून बघितलेली नसते. डाव्या पायात हिरवी मिरची धरून असा ऐटीत खाईल, की विडा खाणाऱ्याने शिकावं. खुशीत आला की डोळ्यातली काळी बाहुली लहान-मोठी, लहान-मोठी होते. झोपायच्या आधी चोचीवर चोच घासतो, कटकट, कटकट. तो आवाज आला की समजायचं, जीव समाधानात आहे. आणि माणूस एकच धरतो. सरपंच आरतीसमोर मान खाली घालून मानेची पिसं फुलवायचा, मग ती बोटाने खाजवायची. दुसऱ्या कोणाला ती मान मिळत नव्हती. गजेंद्र तिच्याजवळ बसला तर हा त्याच्या बोटाचा लचका तोडायचा. गावातली टवाळ मंडळी म्हणायची, गजेंद्र सरपंचाच्या घरी भाड्याने राहतो.

दोन गोष्टी मात्र नीट ध्यानात ठेवा. एक, अंधार पडला की पोपट बोलत नाही. दिवसभर कितीही कालवा करो, काळोख झाला की तोंड बंद, ते उजाडेपर्यंत. दुसरी गोष्ट हाकेची. थव्यातला एक पानाआड गेला की दुसरा हाक देतो, आणि ओ मिळेपर्यंत त्याला चैन पडत नाही. एकमेकांचे आवाज त्यांना बरोबर ओळखता येतात. सरपंचाचा थवा म्हणजे एकटी आरती. ती विहिरीवर गेली, चुलीपाशी गेली, नजरेआड झाली की हा हाक द्यायचा, तीही तिच्याच आवाजात, "कुठी गेली वं?" आणि आरती असेल तिथून ओ द्यायची, "आली, आली." मग गप्प. असं दिवसभर. दारातून जाणाऱ्याला वाटायचं, घरात दोन आरत्या आहेत.

गजेंद्र माणूस वाईट नव्हता, असं म्हणायची एक पद्धत आहे. मी म्हणणार नाही. तो रागीट होता, आणि त्याचा राग नेहमी आपल्यापेक्षा लहान जिवावर निघायचा. बैलावर, कुत्र्यावर, कधी आरतीवर. त्या वर्षी पेरू चांगला धरला होता आणि पोपटांनी मांडलेला उच्छाद त्याच्या डोक्यात बसला होता. म्हणून पातूरहून परतताना तो अकोल्यात उतरला, मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात गेला आणि पाखरं विकणाऱ्या एकाला गाठलं. दुकान बिकान नाही, बोळातली एक खोली, आत झाकलेले पिंजरे. त्या माणसाने गजेंद्रला धंद्याची गोम सांगितली. नुसतं जाळं लावून पोपट येत नाही. जाळ्यात एक जिवंत पोपट बांधायचा. तो ओरडला की थवा खाली उतरतो, कारण आपल्यातला ओरडतो आहे हे ऐकून त्यांना राहवत नाही. बांधलेल्याचे डोळे शिवायचे. डोळे शिवले की फडफड बंद, नुसती हाक.

हे सगळं तो भाजीचे भाव सांगावेत तसं सांगत होता. निघताना त्याने एक बजावलं.

"पण पाखरू जंगलातलंच पाहिजे, भाऊ. घरचं नको. पाखरू आपल्याच माणसाले बोलावते. घरचं कोनाले बोलावीन, काय नेम?"

गजेंद्रने ऐकलं न ऐकलं केलं, सुतळी घेतली आणि गावी आला.

घरी सरपंचाने खाणं सोडलं होतं. शेजारच्या माणिकबाईने डाळ ठेवली ती तशीच. दिवसभर दोरीवर बसून एकच हाक, "कुठी गेली वं?" ओ देणारं कोणी नव्हतं. मग त्याने स्वतःच्या छातीची पिसं उपटायला सुरुवात केली. पोपट असं करतात, जोडीचं माणूस गेलं की. आठवड्याभरात छाती उघडी पडली, सोललेल्या कोंबडीसारखी. आरती रोज फोनवर विचारायची, गजेंद्र रोज सांगायचा, मजेत आहे. आणि फोन ठेवला की त्या पोपटाला चप्पल फेकून मारायचा.

इकडे जाळं विणून झालं होतं. दोन खाटांएवढं. हिरवे बांबू वाकवून त्यांच्या ताणावर उभं केलं होतं. मचाणावरून दोर ओढला की जाळं खाली, दोर सोडला की बांबू उसळून जाळं आपोआप वर. कारागिरी चांगली होती, मी स्वतः बघायला गेलो होतो. पण आत बांधायला पोपट मिळेना. रानातला पोपट काही त्याच्या हाती लागला नाही. थवा पहाटे यायचा, मजेत पेरू फोडायचा, जायचा. चार-पाच सकाळी गजेंद्र हात चोळत मचाणावरून उतरला. घरी आला की दोरीवरचा हा ओरडत असायचा.

एका शुक्रवारच्या संध्याकाळी त्याने सरपंचाला धरलं. गोधडी टाकून धरलं, चोच फडक्याने बांधली. आरतीच्याच शिवणाच्या डब्यातली सुई आणि काळा दोरा. खालची पापणी वर ओढून वरच्या पापणीला दोन टाके. मग दुसरा डोळा. एवढंच सांगतो. पाखरू तेव्हा ओरडलं नाही, चोच बांधलेली होती. पण त्याच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात चाललं होतं की आपला तळहात हलत होता, असं गजेंद्र म्हणाला. हे तो मला सांगत होता तेव्हाही स्वतःच्या तळहाताकडे बघत होता.

त्याच रात्री त्याला जाळ्याखाली खुंटीला बांधलं. शनिवारची पहाट झाली, थवा आला. आणि सरपंच गप्प. चोच सोडली होती, दाणा टाकला होता, काडीने डिवचलं, तरी चूं नाही. कसा बोलणार? त्याच्या लेखी उजाडलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांवर रात्रच होती, आणि रात्री पोपट बोलत नाही. थवा कडुनिंबावर बसून सगळं बघत होता, मग दुसऱ्या टोकाला उतरून पेरू खाऊन गेला. गजेंद्रचं टाळकं सरकलं. दिवसभर तो गावात कोणाशी धड बोलला नाही.

तो शनिवार म्हणजे नोव्हेंबरची शेवटची तारीख, आणि त्यात अमावस्या. मी मुद्दाम घालत नाही, घरी जाऊन जुनं कॅलेंडर काढा.

दिवस मावळताना आरतीचा फोन आला. तिने सरपंचाला मागितलं. काल-परवापासून जिवाला चैन नाही, म्हणाली, त्याचा आवाज ऐकवा. गजेंद्र नाही म्हणणार होता. मग त्याच्या डोक्यात आलं. पाखरू कोणाच्या आवाजाने बोलेल, तर हिच्या. तो फोन घेऊन बागेत आला, जाळ्याखाली वाकला, स्पीकर लावला आणि फोन त्या शिवलेल्या डोळ्यांसमोर धरला.

"सरपंच, जेवले का तुमी?" आरती म्हणाली.

पोपटाने मान उचलली. डोकं आवाजाच्या दिशेने वळवलं. पिसं उपटलेली छाती वर-खाली व्हायला लागली. मग आला आवाज.

"कुठी गेली वं?"

तिकडे आरती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, आवाज असा काहून झाला त्याचा? दोरीवरच आहे ना? गजेंद्र म्हणाला, दोरीवरच आहे. मग ती पोपटाला म्हणाली, आपण लेकराची समजूत काढतो तसं,

"आली, आली. उगी राय. आज रातीच येतो बाप्पा, मंग तर झालं?"

फोन बंद झाला. पोपट बंद झाला नाही. गजेंद्र खूश. आता हा पहाटेपर्यंत ओरडेल, आणि पहाटे थवा खाली येईल. तो घरी जाऊन भाकरी खाऊन आला, मचाणावर चढला, घोंगडी पांघरली. खालून पाखरू हाका देत होतं. अंधार पडला तरी देत होतं. पोपट अंधारात बोलत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण याला आता अंधार काय नि उजेड काय, असं म्हणून त्याने कूस बदलली.

झोप लागली नाही. ती हाक आरतीच्या आवाजात होती ना. बायको आठ-दहा हातांवर बसून आपल्याला विचारते आहे असं वाटत राहायचं. कुठी गेली वं. थोडा वेळ शांत. कुठी गेली वं. त्याने खाली एक ढेकूळ फेकून मारलं. लागलं नसावं.

मग कधीतरी, गावातले दिवे गेल्यावर, ओ आली.

"आली... आली..."

लांबून. रस्त्याच्या बाजूने.

गजेंद्र उठून बसला. मग त्याला हसू आलं. पोपटच तो. हाकही त्याचीच, ओ पण त्याचीच. दोन वर्षं दोन्ही ऐकतो आहे, दोन्ही पाठ असणार. वाऱ्याने आवाज लांब जाऊन परत येत असेल. तो पुन्हा आडवा झाला.

"कुठी गेली वं?"

"आली, आली."

या वेळी धुऱ्यापाशी.

त्याने कान दिला. पुढची हाक पुरी व्हायच्या आत ओ सुरू झाली. दोन्ही आवाज एकमेकांवर आले. चोच एक. आवाज दोन. ते एकाच वेळी.

वारा नव्हता. पेरूची पानं सुद्धा हलत नव्हती. वाळलेल्या पाचोळ्यावर पाय पडावा तसं वाजत होतं. जपून, हळू, जड बाईने चालावं तसं. ते मचाणाखालून गेलं. जाळ्याकडे गेलं. थांबलं.

पोपटही थांबला.

गजेंद्रने बॅटरी लावली. जाळ्याखाली पोपट होता. दुसरं काही नव्हतं. पोपटाने मान खाली घातली होती. मानेची पिसं फुलवली होती. आणि ती पिसं... हलत होती. मधोमध फाकत होती, पुन्हा मिटत होती. कोणीतरी बोट फिरवावं तशी.

कटकट, कटकट. चोचीवर चोच.

गजेंद्रने दोर ओढला.

का ओढला, हे त्याला सांगता आलं नाही. सवयीने हात गेला म्हणाला. भीतीने गेला म्हणाला. ओढला, एवढं खरं. जाळं फाडकन खाली आलं. पण जमिनीपर्यंत आलं नाही. मधेच अडलं. बॅटरीच्या उजेडात त्याने बघितलं, जाळ्याखाली कोणी नव्हतं, आणि जाळं कशावर तरी ताणून बसलं होतं. वर गोल. त्याच्या खाली दोन उतार. डोकं आणि खांदे. ते खाली बसलेलं होतं. मग ते जाळं आतून हलायला लागलं.

त्याच्या हातून बॅटरी पडली. विझली.

"आवो..." खालून आवाज आला. "आवो, हे काय टाकलं माह्या अंगावर?"

त्याने दोर आणखी घट्ट धरला.

"सोडा न मले. घरी जायाचं हाय."

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. पातूरहून, सासूचा. पार्बताबाईचा श्वास चढला होता. म्हणाली, आरती जेवून लवकर झोपली ती उठत नाही. अंग गरम आहे, श्वास आहे, पण हाकेला ओ नाही. आतापर्यंत निपचित होती आणि आत्ता, या घडीला, झटके द्यायला लागली.

"तोंडावरून हात फिरवून राहिली, जावईबापू. काई अडकलं तोंडाले, ते काढून फेकल्यावानी. गाडी बोलावली, येऊनच राहिली. तुमी बोला तिच्याशी. तुमचं ऐकन ती. फोन कानाले लावतो."

फोनमध्ये खरखर झाली. मग कोणाचा तरी घशातून येणारा श्वास. गजेंद्रने तोंड उघडलं.

"आरती," तो म्हणाला.

फोनमध्ये काही नाही.

"हो," खालच्या अंधारातून जाळ्यातलं म्हणालं. "इथी हाय मी."

पोट्ट्यांनो, इथपर्यंत जे झालं ते अजाणता झालं, असं एक वेळ धरून चालू. पण या घडीला गजेंद्रला सगळं कळलं होतं. त्याने मला तसं सांगितलं, लपवलं नाही. पोपटाने बोलावलं, ती आली. पातूरच्या खाटेवर जे झटके देत होतं ते तिचं अंग होतं, आणि खाली जाळ्यात होती ती. जाळं वर झालं तर ती परत जाईल. आणि जाळं वर करायला त्याला खाली उतरायचं नव्हतं, हात लावायचा नव्हता, तिकडे बघायचंही नव्हतं. फक्त दोर सोडायचा होता. हातातला.

त्याने सोडला नाही.

कारण सोडलं तर ते वर येईल. मचाणावर. आपल्याकडे. आणि विचारेल, सरपंचाचे डोळे असे कोणी केले. एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बायको मरते आहे हे कानाला लागलेल्या फोनमध्ये ऐकू येत होतं, आणि हा भीत होता ती विचारेल म्हणून. मला सांगताना त्याने मान वर केली नाही. मला दया आली नाही, खरं सांगतो. आजही येत नाही.

त्याने फोन बंद केला. दोर मचाणाच्या खांबाला गुंडाळला. गाठ मारली. गाठीवर गाठ मारली. घोंगडी डोक्यावरून घेतली आणि दोन्ही कान दाबून बसला.

कान दाबून ऐकू येणं बंद होत नाही.

"सोडा न..."

मग बराच वेळ, "आवो..."

मग नुसती जाळ्याची सळसळ. बोटं जाळ्यातून बाहेर काढावीत, ओढावीत, पुन्हा काढावीत.

मधेच पोपट. "कुठी गेली वं?"

"इथी हाय, बाप्पा. इथीच हाय."

रात्रभर. हाक आणि ओ. ओ लहान होत गेली. आधी सगळे शब्द यायचे. मग दोन. मग एक. मग नुसता हुंकार, तोही लांबून आल्यासारखा.

"कुठी गेली वं?"

...

"कुठी गेली वं?"

...

पोपट पुष्कळ वेळ विचारत राहिला. मग तोही थांबला.

उजाडलं. थवा आला, नेहमीपेक्षा मोठा. सगळ्या बागेवर बसला, फांदी फांदीवर, मचाणाच्या छपरावर सुद्धा. एकाने आवाज केला नाही. एकाने पेरूला चोच लावली नाही. गजेंद्रने गाठी सोडल्या, बांबू उसळले, जाळं वर गेलं. खाली कोणी नव्हतं. गवत बसलं होतं, एका माणसापुरतं. त्या बसलेल्या गवताच्या मधोमध सरपंच मरून पडला होता, मान खाली घातलेला, मानेची पिसं फुललेली. गजेंद्रने त्याला पायाने धुऱ्याकडे सारलं आणि फोन सुरू केला.

फोन वाजलाच. आरतीला रात्रीच गाडीत घालून अकोल्याला नेलं होतं. डॉक्टरांनी शर्थ केली. मूल काढलं, मुलगी, जगली. पातूरला आजीपाशी आहे. आरती पहाटे गेली. रक्तदाब वाढला, झटके आले, मेंदूवर गेलं, असं डॉक्टर म्हणाले, आणि डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. होतं असं बायकांना. शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत.

गजेंद्र तेव्हा माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि त्याने हे सगळं सांगितलं. मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मी त्याला गाडीत घातलं आणि आम्ही पातूर गाठलं. दुपार टळत होती. अंगणात गाव जमलं होतं. आरतीला तोंडावर पदर घालून निजवलं होतं, आणि बाया आपसात काहीतरी कुजबुजत होत्या, पुरुष जवळ आले की गप्प होत होत्या.

पार्बताबाई रडत नव्हती. तिने जावयाला पुढे बोलावलं. मी त्याच्या मागेच होतो, त्याला धरून. तिने पदर बाजूला केला.

कपाळापासून हनुवटीपर्यंत चौकटी होत्या. बारीक, निळसर, एकासारखी एक. गालावर, मिटलेल्या पापण्यांवर, ओठांवर. गळ्यावरून खाली खांद्यावर गेलेल्या. अंगावर ताणून दाबलेल्या दोऱ्याचा वळ उठतो ना, तसे वळ. दहाही बोटांच्या पेरांना कापल्यासारख्या रेघा होत्या.

"दवाखान्यातल्या बाईले विचारलं मी," पार्बताबाई म्हणाली. "ते म्हणे, आमी असं काई बांधलं नाही. जावईबापू, हे कायचं हो?"

गजेंद्रने दोन्ही हात पाठीमागे घेतले. सगळं अंगण वाट बघत होतं. पार्बताबाईने पुन्हा विचारलं नाही, बायांना खूण केली.

सवाष्ण गेलेली. बायांनी तिला आंघोळ घातली, अंग चोळून धुतलं, वळ गेले नाहीत. मग रिवाजाप्रमाणे तोंडाला हळद लावली. हळद त्या वळांमध्ये बसली, आणि जाळं होतं तसं, पिवळं, तिच्या तोंडावर उमटलं. तसंच नेलं तिला.